मांडीवरचं फ्लॅनेल

बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी राज्याच्या क्रिकेट संघातल्या नामवंत खेळाडूंविषयी लिहा, असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, लिहितो, पण मला ते सगळे कंबरेपासून खालीच माहीत आहेत. मी शिंपी आहे. खेळाडू आरशासमोर उभा राहतो आणि मी टेप घेऊन त्याच्या पायाशी बसतो. त्यामुळे कुणाचा कव्हर ड्राइव्ह कसा होता ते मला विचारू नका. कुणाचा डावा पाय उजव्यापेक्षा लांब होता, ते सांगू शकेन.

आमच्या घरात तीन पिढ्या या संघाच्या पँटा शिवल्या गेल्या. राज्याचं नाव वेगळं होतं आणि संघही त्याच जुन्या नावानं खेळायचा, तेव्हा माझे आजोबा शिवायचे. मैदानाच्या मागच्या गल्लीतलं दुकान तेव्हापासूनचं. आजोबांचे खेळाडू म्हणजे बँकेतले नाहीतर सरकारी कचेरीतले कारकून. सडपातळ, संकोची, माप घेताना श्वास रोखून उभे राहणारे. कापड जाड लोकरी फ्लॅनेल, बंगळूरच्या थंडीत शोभणारं आणि मद्रासला गेलं की जीव घेणारं. वडिलांच्या काळात संघ जिंकायला लागला आणि त्याच सुमाराला पँटा अंगासरशी आल्या. या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे, असं वडील शेवटपर्यंत म्हणायचे. माझ्या वाट्याला जिमचा काळ आला. आताच्या एका वेगवान गोलंदाजाच्या मांडीत आजोबांचे दोन ओपनर आरामात मावतील.

मग कंपन्या आल्या. कपडे खोक्यातून, प्लास्टिकच्या पिशवीत, एम, एल, एक्सएल असे शिक्के मारून यायला लागले. आता एल नावाचा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. कुणाची कंबर एल असते आणि मांडी डबल एक्सएल. म्हणून मला काढून टाकता आलं नाही. नवीन शिवण्याचं काम गेलं, उसवून दुरुस्त करण्याचं राहिलं. घरच्या मैदानावर सामना असला की ड्रेसिंग रूमच्या शेजारच्या लहानशा खोलीत मी माझं मशीन घेऊन बसायचो. चेन अडकली, गुडघ्यावर फाटलं, इलॅस्टिक गेलं, की "टेलर अण्णा" म्हणून हाक यायची. सत्तरी जवळ आली तरी हे काम मी सोडलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिथली कॉफी चांगली असते.

ज्या सामन्याबद्दल लोक अजून माझ्याकडे बघून डोळा मारतात, तो काही हंगामांपूर्वीचा. बाद फेरीचा सामना होता. हरला तो घरी. पाहुणा संघ उत्तरेकडचा. कुठला ते लिहीत नाही, त्यांनाही मुलंबाळं आहेत.

आमच्याकडे सोमशेखर नावाचा वेगवान गोलंदाज होता, सगळ्यांचा सोमू. येलहंक्याचा. चौतिशी गाठलेला, गुडघे कुरकुरायला लागलेले. याला आता बसवा, तरुण पोरं घ्या, असं निवड समितीत चाललं होतं आणि ते त्याच्या कानावर पोचेल अशा आवाजात चाललं होतं. हा सामना गेला तर सोमूही गेला, हे सगळ्यांना माहीत होतं.

सामन्याच्या आदल्या सकाळी सोमू खोलीत आला आणि सरावाचा जुना चेंडू त्यानं माझ्या मशीनवर ठेवला.

"अण्णा, हा बघा."

"बघितला. लाल आहे."

"दोन्ही बाजू बघा. जुळी भावंडं दिसतायत."

ज्यांना क्रिकेट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंडू जुना व्हायला लागला की गोलंदाजाची टोळी त्याची एकच बाजू घासून चकचकीत ठेवते आणि दुसरी खरबरीत होऊ देते. मग हवेत चेंडू वळतो. वळला की फलंदाज फसतो. पूर्वी चेंडूला थुंकी लावून घासत. करोनाची साथ आल्यापासून थुंकीला बंदी आली. उरला घाम आणि उरली पँट. नियम असा की कपड्यावर खुशाल घासा, पण बाहेरचा कुठलाही पदार्थ लावायचा नाही. मैदानावर गोलंदाज सारखा मांडी का चोळतो, असं आमच्या घरातल्या बायका विचारायच्या. त्याचं उत्तर हे.

"ही नवी पँट म्हणजे नुसतं प्लास्टिक आहे," सोमू म्हणाला. "घाम टिपत नाही, चेंडू घसरतो. मी चेंडू घासतोय की काच पुसतोय तेच कळत नाही. तुमच्या वडिलांचं ते कापड स्वल्प असेल का कुठे?"

होतं. दुकानाच्या लोखंडी कपाटात वडिलांच्या वेळच्या फ्लॅनेलचा एक शिल्लक तागा डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला होता. कापायला हात होत नव्हता, म्हणून राहिलेला. मी विचारलं, "नियमात बसतं का?"

"पँट पांढरी पाहिजे, कंपनीचा शिक्का दिसला पाहिजे. एवढंच लिहिलंय."

"मग सरी, चालेल," मी म्हटलं. शिक्का होता डाव्या मांडीवर. सोमू घासायचा उजवीवर.

उजव्या मांडीचा पुढचा भाग खिशापासून गुडघ्याच्या वरपर्यंत मी उसवून काढला आणि त्या जागी फ्लॅनेल बसवलं. पांढऱ्याला पांढरं जुळवणं हे शिंप्याचं सगळ्यात अवघड काम, कारण पांढरे रंग दहा असतात. मी ते जुळवलं. शिवण कापडाच्याच मूळ शिवणीत लपवली. दोन हातांवरून बघितलं तर दिसत नव्हतं. तरीही संघाच्या मॅनेजरना सांगून ठेवलं. ते घाईत होते, "करा, करा," म्हणाले.

पहिल्या दिवशी आमची फलंदाजी झाली, बरी झाली. दुसऱ्या दिवशी पाहुणे खेळायला आले आणि जेवणानंतर सोमूचा चेंडू वळायला लागला. मी खोलीच्या जाळीतून बघत होतो. फलंदाज एका जागी बॅट घालायचे आणि चेंडू दुसऱ्या जागी जायचा. प्रेक्षकांत शंभरभर पेन्शनर आणि काही कॉलेज बुडवलेली पोरं होती, तेवढ्यांनीच मैदान डोक्यावर घेतलं. चहाच्या वेळेपर्यंत पाहुण्यांचा निम्म्याहून जास्त संघ परतला होता आणि शेवटी आम्हाला चांगली आघाडी मिळाली.

चहालाच तक्रार आली. त्यांच्या कप्तानाचं म्हणणं असं की सोमू चेंडूला काहीतरी औषध लावतोय. पुरावा काय, तर तो जवळून गेला की वास येतो.

वास येत होता यात शंका नाही. कापड मी दिवसभर उन्हात टाकलं होतं, पण डांबराच्या गोळीचा वास एका दिवसात जात नाही. धुवायचं मी टाळलं होतं, आटेल म्हणून.

खेळ संपल्यावर मला रेफ्रींच्या खोलीत बोलावलं. रेफ्री म्हणजे सामन्याचे अधिकारी. पंचांच्याही वर. उंच, शांत, कोटवाले गृहस्थ होते. दोन्ही पंच बाजूला बसलेले. टेबलावर एका ट्रेमध्ये तो चेंडू आणि शेजारी सोमूची पँट, घडी घालून. सोमू माझी जुनी लुंगी गुंडाळून कोपऱ्यात उभा होता. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. चेंडूशी खेळ केल्याचं सिद्ध झालं तर सोमूवर बंदी आली असती, आणि चौतिशीतल्या माणसाला बंदीनंतर कुणी परत बोलवत नाही.

रेफ्रींनी पँट उचलली. "यात काय आहे?"

"आत्ता काही नाही, सर. मघापर्यंत सोमशेखर होता."

एक पंच खोकले. रेफ्रींनी मांडीचा भाग नाकाशी नेला. "हा वास कसला?"

"डांबराच्या गोळ्यांचा, सर. कपाटात कसर लागू नये म्हणून घालतो. हे माझ्या वडिलांच्या वेळचं फ्लॅनेल आहे."

"वडील काय करायचे?"

"याच संघाच्या पँटा."

त्यांनी चेंडू घेतला आणि हुंगला. मग एका पंचांना दिला. त्यांनी हुंगला. मग दुसऱ्यांना. तीन मोठी माणसं गंभीर तोंडानं आळीपाळीनं चेंडूचा वास घेतायत, हे दृश्य मी कधी विसरणार नाही. चेंडूला चामड्याचा आणि घामाचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता. पंचांनी सांगितलं की दिवसभर आम्ही चेंडू तपासत होतो, त्यावर काही लागलेलं नाही.

रेफ्री तरी थांबले नाहीत. कपाटातून एक मळका चेंडू काढला आणि उभं राहून स्वतःच्या मांडीवर जोरात घासायला लागले. त्यांची पँट भारी लोकरीची होती. चेंडू असा चमकला की काय सांगू. त्यांच्या राखाडी पँटवर लाल पट्टा उमटला. त्यांनी तो नखानं खरवडून बघितला.

"कापडाला पदार्थ म्हणता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "खेळाडूनं कुठल्या कापडाची पँट घालावी हे नियमात नाही. तुमचं आणि कंपनीचं काय ते तुम्ही बघा. पण उद्यापासून हा वास नको."

"सरी सर," मी म्हटलं. "तुमचा तो डाग मात्र थंड पाण्यानंच काढा. गरम लावू नका."

सोमू आणि मी दुकानात आलो. तो मापाच्या टेबलावर पाय पसरून बसला, मी शेजारून कॉफी मागवली. दोघांच्याही जिवात जीव आला होता. तेवढ्यात दारात त्यांचे दोन गोलंदाज उभे. पुढे होता तो मनोज, त्यांचा मुख्य वेगवान गोलंदाज. हातात पिशवी आणि पिशवीत पँटा.

त्याला वाटलं असावं, दुकानात मी एकटाच असेन. सोमूला बघून तो दारातच अडकला. सोमूही कप हातात घेऊन तसाच राहिला.

"अंकल," मनोज मला म्हणाला, "रेफ्री साब ने बोला, कपड़ा चलेगा. तो हमारे में भी लगा दीजिए."

मी सोमूकडे बघितलं. तागा अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. कापड संपलं म्हणायला माझी काही हरकत नव्हती. पण दारात गिऱ्हाईक पँट घेऊन उभं होतं आणि कापड मागे कपाटात उघडं दिसत होतं.

सोमू कानडीत म्हणाला, "शिवा अण्णा. नाहीतर उद्या म्हणतील, सोमूच्या विकेटी शिंप्यानं घेतल्या."

मी दोन्ही पँटा शिवल्या आणि सोमूच्या पँटसकट तिन्हींवर वाफेची इस्त्री फिरवून वास घालवला. सोमूच्या पँटला जेवढं बारीक काम केलं होतं तेवढंच केलं, एक टाका कमी नाही. मनोज घालून बघायला उभा राहिला तेव्हा कंबर चांगलीच सैल दिसली. त्याला मध्यंतरी कावीळ झाली होती, अंग उतरलं होतं. नाडीही तुटलेली. दोन टोकांना गाठ मारून काम भागवलेलं.

"कमर भी ठीक कर देता हूँ," मी म्हटलं. "नेफा उसवावा लागेल, थोडं थांबा."

"नहीं अंकल, नीचे बस खड़ी है." आणि गेला.

तिसऱ्या दिवशी मनोजनं आमची वाट लावली. फ्लॅनेलवर चेंडू घासायचा, धावत यायचा आणि आमची नामवंत फलंदाजी एकामागून एक पॅव्हिलियनच्या पायऱ्या चढायची. दुसरा डाव संध्याकाळी खेळ संपता संपता आटोपला. जाताना प्रत्येक फलंदाज माझ्या खोलीच्या दाराकडे एकदा बघून जात होता.

बातमी पसरायला वेळ लागला नव्हता. कँटीनवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "कॉफी मुगीतु." कॉफी संपली. आणि माझ्या मागच्या माणसाला भांडंभर ओतून दिली. मॅनेजर व्हरांड्यात भेटले. ते एरवी भले गृहस्थ. त्या दिवशी थांबून, हळू आवाजात म्हणाले, "टेलर अण्णा, तुम्ही नक्की कुठल्या राज्याचे?"

आमचं घराणं इथं कधी आलं हे घरातही कुणाला धड सांगता येत नाही. मी कानडी शाळेत शिकलो, गिऱ्हाइकाशी कानडीत भांडलो. मराठी घरात आणि मंडळात. आजोबांपासून ज्या संघाच्या मांड्या मोजल्या, त्या संघाच्या दारात हा प्रश्न. मी मशीनवर कापड झाकलं आणि जयनगरला घरी आलो.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हरले तर आपण जायचं कुठं? पुण्यात आपल्याला कोण ओळखतंय? आणि तिथं गेलो तर ते विचारणार, तुमचं मराठी असं कसं."

"मी शिवायला नको होतं का?"

"गिऱ्हाईक आलं होतं ना दारात?" ती म्हणाली. "मग काय, परत पाठवणार होतात? उद्या लवकर जा. आणि डबा न्या, तिथं कॉफी मिळणार नाही."

चौथ्या दिवशी पाहुण्यांना जिंकायला बेताच्याच धावा हव्या होत्या आणि त्यांनी सुरुवात छान केली. सोमूनं सकाळपासून जवळजवळ सलग एका टोकाकडून गोलंदाजी केली. गुडघ्याला पट्टा बांधलेला, दर षटकानंतर कुंपणाला टेकून उभा राहायचा. चेंडू आज फारसा वळत नव्हता. ऊन कडक होतं, खेळपट्टी झोपलेली. तरी तो टाकत राहिला आणि एक एक करत गडी बाद होत गेले. शेवटची जोडी आली तेव्हा त्यांना अगदी थोड्या धावा राहिल्या होत्या. अकरावा फलंदाज म्हणून आला तो मनोज. पँट तीच, मी शिवलेली.

मी जाळीजवळ उभा होतो. माझ्याशी बोलत कुणी नव्हतं, पण सगळे माझ्याच बाजूला येऊन उभे होते, कारण तिथून बरं दिसतं.

पुढच्या एक-दोन षटकांत धावा सुटत गेल्या. आता बरोबरीला दोनच हव्या होत्या. सोमूचा चेंडू मनोजनं लाँग लेगकडे ढकलला. पहिली धाव सहज झाली. दुसरीला वळताना मला दिसलं, त्याचा हात कंबरेवर गेला. गाठ सुटली असावी. खाली पॅड बांधलेले असतात, त्यामुळे पँट काही पडत नाही, पण घसरायला लागली की माणूस तिला धरतोच. पुढचं सगळं अंतर तो एका हातानं पँट आणि एका हातानं बॅट धरून धावला. फेक आली. शेवटी त्यानं बॅट टेकवायला हात लांब करायचा, तो पँट सोडावी की नको या विचारात उशिरा केला. यष्ट्या उडाल्या तेव्हा बॅट रेषेच्या वीतभर अलीकडे होती.

एका धावेनं आम्ही जिंकलो.

त्यानंतर माझं जे कौतुक झालं, ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. कँटीनवाल्यानं स्वतःहून कॉफी आणून दिली. मॅनेजरनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "अण्णा, नेफा. काय डोकं आहे तुमचं." कप्तान आला, त्यानं स्वतःची कंबर दाखवली आणि डोळा मारला.

मी सगळ्यांना सांगत सुटलो की मी कंबरेला हात लावलेला नाही. मी विचारलं होतं, तोच नको म्हणाला. ते जितकं सांगत होतो तितके लोक जास्त हसत होते. काल मी दुसऱ्या राज्याचा होतो, आज अस्सल आपला माणूस झालो होतो, आणि ते कशामुळे, तर मी न केलेल्या एका वाईट शिलाईमुळे. सोमू तेवढा हसला नाही. तो बाकावर पडून गुडघ्यावर बर्फ धरून होता. म्हणाला, "अण्णा, मला माहीत आहे. तुम्ही हरलेलं चालवून घ्याल, पण तुमची टीप सुटलेली चालवून घेणार नाही." सोमू पुढचा एक हंगाम खेळला आणि मानानं निवृत्त झाला.

कंपनीबद्दलही सांगायला हवं. पुढच्या हंगामात त्यांच्या पँटांना उजव्या मांडीवर मऊ कापडाचा पट्टा आला होता. पट्ट्याला त्यांनी इंग्रजीत एक लांबलचक नाव दिलं होतं. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

सामना जिंकलो त्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करायच्या बेतात होतो तर मनोज आला. एकटाच. त्यांचा संघ हॉटेलवर सामान बांधत होता. तो स्टुलावर बसला. मी मशीनला तेल घालत होतो.

मग म्हणाला, "वो लोग बोल रहे हैं, अंकल ने जानबूझ के किया. मैंने बोला, नहीं. अंकल ने पूछा था, मैं ही भाग गया."

"मान गए?"

"नहीं."

"इधर भी नहीं माने," मी म्हटलं.

तो पहिल्यांदा हसला. पिशवीतून ती पँट काढून त्यानं टेबलावर ठेवली. "अब टाइम है. ठीक कर दीजिए."

मी नेफा उसवला, कंबर आत घेतली, नवीन इलॅस्टिक घातलं आणि वरून पक्की नाडी ओवली. मनोजनं पडद्यामागे जाऊन ती घातली. आरशात बघितलं, मग इकडे तिकडे बघितलं आणि टेबलावरची माझी लाकडी मीटरपट्टी उचलली. भिंतीपासून दारापर्यंत धावला, वळला, परत भिंतीपर्यंत आला, पुन्हा वळला आणि दाराकडे सुटला. मी मशीनवरून बघत होतो. उंबऱ्याजवळ त्यानं खाली वाकून पट्टी पुढे सरकवली आणि आत टेकवली.

पँट जागची हलली नव्हती.